गावातच वाढलो, मग समाजशास्त्र शिकायचं कशाला?

प्रश्न असा आलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी, बारावी आर्ट्स झाली, आता बीएला समाजशास्त्र मेजर घ्यावं का म्हणून विचारतेय. मामा म्हणतात टाइमपास सब्जेक्ट आहे, मैत्रीण म्हणते स्कोरिंग आहे घेऊन टाक, आणि तिचा स्वतःचा सवाल असा की जात, लग्न, शेती, कर्ज हे सगळं आम्ही रोज डोळ्यांनी बघतो, मग तेच पुन्हा पुस्तकातून कशाला शिकायचं. मी तालुक्याच्या कॉलेजात हाच विषय बरीच वर्षं शिकवते आहे, विद्यार्थी जवळपास सगळे खेड्यातले, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, जरा लांब लिहिते, सवडीने वाच.

बेटा, तुझा तो शेवटचा सवाल सगळ्यात मोलाचा आहे, तिथूनच सुरू करू. आमच्या सेकंड इयरच्या पोरापोरींना आम्ही जवळच्या एखाद्या गावात घरोघरी सर्व्हेला पाठवतो. फॉर्मवर एक साधा रकाना असतो, व्यवसाय. घरातल्या माणसाला विचारलं की तो लगेच सांगतो, शेती आहे, मजुरी करतो, अमक्याकडे सालदार आहे. बाईला विचारलं की उत्तर येतं, "काई नाई जी, घरीच रायतो मी." आणि हे सांगताना कापूस वेचायचं फडकं तिच्या कमरेला बांधलेलंच असतं, कारण ती आत्ताच वावरातून आलेली असते. पोरं फॉर्मवर लिहून मोकळी होतात, गृहिणी. मग मी त्यांना परत त्याच घरी पाठवते आणि सांगते की काम काय करता असं विचारू नका, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं ते क्रमाने विचारा. आता तीच बाई सांगायला लागते, अंधार असताना उठले, पाणी भरलं, डबे केले, शेण काढलं, मग दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेले, येताना बकरीला चारा आणला, सैपाक, आणि रात्री तूर निवडत बसले होते. फॉर्मवरचा एक प्रश्न बदलला तर कागदावरचं अख्खं गाव बदलतं. आणि गंमत म्हणून सांगत नाहीये हे, कारण कागदावर जी बाई कामच करत नाही ती शेतकरी ठरत नाही, आणि जी शेतकरी नाही तिला पीककर्ज नाही, अनुदान नाही, कृषी खात्याच्या मीटिंगचं बोलावणं नाही. ती पोरं त्याच भागातली होती, त्यांची आई पण हेच करते, पण त्यांना ते दिसलं नव्हतं. रोज दिसणारी गोष्ट दिसायलासुद्धा शिकावं लागतं, आणि ते शिकवणारा विषय म्हणून मी समाजशास्त्राकडे बघते.

आता विषय म्हणजे नेमकं काय. माणसं एकमेकांशी कशी बांधलेली असतात, त्या बांधणीचे नियम कोणी केले, त्यात कोणाचं भागतं आणि कोणाचं भागत नाही, आणि हे नियम बदलतात तेव्हा कशामुळे बदलतात, हे पुराव्याने तपासायचं, एवढंच. एकोणिसाव्या शतकात युरोपात राज्यक्रांत्या झाल्या, कारखाने आले, खेड्यातले लोक शहरात लोटले गेले, जुनी घडी मोडली, तेव्हा हे काय चाललंय ते समजून घ्यायला ऑगस्त कॉम्त या फ्रेंच माणसाने या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्र म्हणून नाव दिलं. पुढे मार्क्स, दुरखाइम, वेबर हे तिघं, हे तुला फर्स्ट इयरलाच भेटतील. आपल्याकडे १९१९ ला मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी विभाग सुरू केला, १९२४ पासून मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तिथे आले आणि त्यांच्या हाताखालून इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास असे मोठे लोक तयार झाले. ही नावं परीक्षेपुरती पाठ होतातच, पण त्यातल्या एका माणसाबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण त्याचा आपल्या भागाशी फार जवळचा संबंध लागतो.

एमिल दुरखाइम. १८९७ साली त्याने आत्महत्येवर एक पुस्तक लिहिलं. तोपर्यंत सगळे म्हणायचे की हा त्या त्या माणसाच्या मनाचा प्रश्न आहे, डोकं ठिकाणावर नव्हतं, दारू प्यायचा, घरी भांडण झालं. दुरखाइम एकेका माणसाची कहाणी सांगत बसला नाही, त्याने सरकारी आकडे मांडले आणि बघितलं की कॅथलिक लोकांपेक्षा प्रोटेस्टंट लोकांत प्रमाण जास्त, लग्न झालेल्यांपेक्षा एकट्यांत जास्त, मुलंबाळं असलेल्या घरात कमी, आणि हे फरक वर्षानुवर्षं जवळपास तसेच राहतात. वेडसरपणा किंवा दारू एवढंच कारण असतं तर असा ठरावीक फरक दरवर्षी कसा दिसेल? म्हणजे माणूस त्याच्या माणसांशी किती घट्ट जोडलेला आहे आणि त्याच्या आयुष्यातले नियम किती स्थिर आहेत यावर काहीतरी अवलंबून आहे, असं तो म्हणाला. आर्थिक संकटात प्रमाण वाढतं हे तर कोणीही सांगेल, पण अचानक भरभराट आली तरी वाढतं हे त्याने दाखवलं, कारण दोन्ही वेळेला माणसाच्या अपेक्षांची पट्टीच हलते.

हे मी वर्गात शिकवते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो, कारण अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा हे सहा जिल्हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी बातम्यांत आले हे प्रत्येकाला माहीत आहे, २००६ ला पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज याच सहा जिल्ह्यांसाठी आलं होतं. गावात काय बोललं जातं ते तुलाही माहीत आहे. पोरीच्या लग्नाचं टेन्शन होतं, पिण्याची सवय होती, भावाभावांत पटत नव्हतं. यातलं काही खोटं असतं असं नाही. पण पोरीची लग्नं तर सांगली-कोल्हापूरकडेही होतात, दारू सगळीकडेच आहे, मग हे इतकं एकाच पट्ट्यात का? असं विचारलं की मग कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे पावसाच्या भरवशावरचा कापूस, दिसते, सिंचन नसणं दिसतं, दरवर्षी विकत घ्यायचं बियाणं दिसतं (बीटी कापसाला परवानगी २००२ ची, पण घरचं बियाणं ठेवायची पद्धत हायब्रिडपासूनच मोडत आली होती), बँकेने दिलं नाही म्हणून सावकार, कापसाचा भाव आपल्या हातात नाही, आणि आणखी एक गोष्ट जी आकड्यात लवकर येत नाही ती म्हणजे एकटेपणा. पूर्वी कोणतं बी पेरायचं हे घरात, भावकीत, धुऱ्यावर उभं राहून चार लोकांत ठरायचं. आता माणूस एकटा कृषी केंद्रात जातो, दुकानदार सांगतो ते घेतो, आणि पीक गेलं की दोषही एकट्याच्याच माथी. याच्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ ला हायकोर्टाच्या सांगण्यावरून अभ्यास करून रिपोर्ट दिला होता, कधी मिळाला तर वाच, घरोघरी जाऊन केलेलं काम कसं असतं ते कळेल.

यातच अजून एक पदर आहे जो मी कधीच सोडत नाही. अशा घराला सरकारी मदत १ लाख रुपयांची, पण आधी तहसीलकडून कलेक्टरच्या समितीकडे केस जाते आणि तिथे ठरतं पात्र की अपात्र. सातबारा नावावर होता का, कर्ज कोणाचं होतं, थकीत होतं का. आता जो माणूस मक्त्याने, म्हणजे भाड्याने घेऊन, वावर करत होता त्याच्या नावावर सातबारा नाही. बाईच्या नावावर तर क्वचितच. सावकाराकडून चिठ्ठीवर घेतलेलं कर्ज कागदावर नाही. म्हणजे शेतकरी कोणाला म्हणायचं याची व्याख्या कोणीतरी एका ऑफिसात केली आणि त्या व्याख्येने ठरवलं की कोणाचं मरण मोजलं जाणार. आकडा हा आभाळातून पडत नाही, तो माणसं बनवतात, नियम लावून बनवतात, हे ज्याला कळलं तो पेपरातली कुठलीही टक्केवारी वाचताना आधी विचारेल की हे मोजलं कसं. मला विचारशील तर विषयाची अर्धी फी इथेच वसूल झाली.

जातीबद्दल. गावात जात सगळ्यांना माहीत असते, कोणाचं घर कोणत्या बाजूला, कोणाची पंगत कुठे, पण जात टिकते कशाने हे विचारलं की लोक म्हणतात परंपरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पंचवीस वर्षांचे होते, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा मे १९१६ मध्ये त्यांनी तिथल्या सेमिनारमध्ये जातीवर एक निबंध वाचला. त्यात त्यांनी सगळा पसारा बाजूला सारून एका गोष्टीवर बोट ठेवलं, लग्न जातीतल्या जातीतच लावणं, जातीची किल्ली तिथे आहे. आणि ते टिकवण्यासाठी बायकांवर बंधनं घालावीच लागतात, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे त्यातूनच आलं, हेही त्यांनी तिथेच मांडलं. शंभरावर वर्षं झाली. आता आपल्या गावातलं चहाचं हॉटेल बघ, तिथे पूर्वीसारखे वेगळे कप बहुतेक ठिकाणी राहिले नाहीत, पोरं एका बाकावर बसतात, एका गाडीवर तिघं फिरतात. आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे बायोडेटाचे ग्रुप बघ, प्रत्येक जातीचा वेगळा, त्यातही पोटजातीचा वेगळा. हॉटेल बदललं, मांडव बदलला नाही.

श्रीनिवास यांचा सिद्धांत तुला अभ्यासाला असेलच, की खालच्या समजल्या जाणाऱ्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात, मांसाहार सोडतात, पूजा-विधी बदलतात आणि हळूहळू वरची जागा मागतात. कर्नाटकातल्या अभ्यासावरून त्यांनी ते मांडलं आणि खूप ठिकाणी ते दिसतंही. पण विदर्भातल्या विद्यार्थ्याने इथे थांबून प्रश्न विचारायलाच पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेल्या लाखो लोकांनी वरच्या जातीची नक्कल केली का? त्यांनी तर देव्हाऱ्यातले देव काढले, मेलेली जनावरं ओढायचं काम आणि गावकीची वेठ नाकारली, पोरं शाळेत घातली, बाहेरचा रस्ता धरला. म्हणजे वर जायची शिडी एकच नसते, शिडीच नाकारणारे लोकही असतात, आणि हे आपल्या खेड्यापाड्यांतल्या विहारांत बसलेल्या आज्या तुला कोणत्याही गाइडपेक्षा चांगलं सांगतील. पुस्तकातला सिद्धांत आपल्या गावावर घासून बघायचा, जुळला तर का आणि नाही जुळला तर का, हे लिहायचं. असा पेपर विद्यार्थ्याने लिहिला की मला खरंच आनंद होतो.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर, सध्या गावोगावी चाललेला प्रश्न घे, शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही. तिशी उलटली, घरी पाच एकर आहे, निर्व्यसनी आहे, तरी नाही. आई म्हणते नशीब, शेजारी म्हणतात पोरींचे नखरे वाढले. अमेरिकेत सी. राइट मिल्स नावाचा समाजशास्त्रज्ञ होता, त्याने १९५९ ला एक साधी गोष्ट लिहून ठेवली, एका माणसाला काम नसेल तर त्याच्याकडे बघा, पण लाखोंना नसेल तर व्यवस्थेकडे बघा. तसं बघू. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ ला ८९४. म्हणजे गर्भातच पोरी नाकारल्या गेल्या, त्याचा हिशोब आता मांडवात होतोय. वर ज्या पोरी आहेत त्या शिकल्या, आईचं आयुष्य त्यांनी जवळून बघितलं, निंदण, वेचणी, पाणी, आणि नावावर काहीच नाही, मग त्या नोकरीवाला मागतात यात नखरा कुठे आला? त्यात जमीन वाटण्या होऊन होऊन तुकड्यात आली आणि शोध घ्यायचा तो पोटजातीतच, म्हणजे आधीच कमी असलेल्या मुलींतून अजून कमी. एवढं सगळं एका पोराच्या नशिबावर ढकलायचं का? त्या पोराला निदान हे कळलं तर तो स्वतःला कमी समजणार नाही, आणि पोरीला दोष देणंही थांबेल, हा माझा अनुभव आहे, वर्गात यावर बोलणं झालं की पोरांचे चेहरे बदलतात.

बरं, याचा अर्थ कोणीही उठून काहीही मत मांडलं की समाजशास्त्र झालं असं नाही, हा गैरसमज फार आहे. मेहनतीचं काम आहे. सर्व्हेची गाडी डांबरी रस्त्यावर थांबते, सरपंचाच्या ओट्यावर चहा होतो, तिथे बसलेले चार लोक जे सांगतात ते गावाचं मत म्हणून लिहिलं जातं, हे कितीदा तरी बघितलंय. पावसाळ्यात पांदण रस्त्याने चिखल तुडवत शेवटच्या वस्तीपर्यंत गेलं नाही, पारध्यांच्या बेड्यावर, कोलामांच्या पोडावर (त्यांच्या गावाबाहेरच्या वस्त्यांवर) गेलं नाही, तर ते अर्धंच गाव. बाईला नवऱ्यासमोर विचारलं तर एक उत्तर येतं, नळावर विचारलं तर दुसरं. प्रश्न विचारताना आपल्याला हवं ते उत्तर तोंडात घालायचं नाही. कोणत्या आणि किती लोकांना भेटलो, कोणाला भेटलोच नाही, हे प्रामाणिकपणे लिहायचं. इरावती कर्वे मोजमापाची साधनं घेऊन, मिळेल त्या गाडीने देशभर फिरल्या आणि त्यातून भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक १९५३ ला आलं, उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे पाप आणि दक्षिणेत ते पहिल्या पसंतीचं, आणि आपण महाराष्ट्रवाले मध्ये कुठेतरी, हे सगळं त्यांनी लोकांत बसून गोळा केलं.

सोशल वर्क आणि समाजशास्त्र एकच समजू नको. एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मास्टर डिग्री, हा मदत कशी करायची याचा कोर्स आहे, आपला विषय आधी समजून घ्यायचं शिकवतो. दोन्ही लागतात.

आणि फक्त दुःखच शिकायचं का असं मला विद्यार्थी विचारतात, म्हणून मेंढा-लेखा सांगते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात गोंड लोकांचं छोटं गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. वनहक्क कायदा २००६ चा, त्याच्याखाली २००९ ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते आहे, आणि २०११ ला बांबू वाहतुकीचे पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच, त्या गावात अभ्यास गट चालायचे. गावकरी बसून एखाद्या विषयाचा अभ्यास करायचे, बाहेरचे जाणकार बोलवायचे, आणि मग ग्रामसभेत बहुमताने नाही तर सगळ्यांच्या संमतीने निर्णय. डिग्री नसताना त्यांनी आपल्या गावाचा अभ्यास केला, कायदा वाचला आणि त्याच्या जोरावर जंगल राखलं.

आता नोकरीचं, कारण घरी तेच विचारणार. खोटं सांगणार नाही. प्राध्यापक व्हायचं तर एमए, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि तरीही कायम जागा फार कमी निघतात, माझ्या चांगल्यातल्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण तासिका तत्त्वावर तुटपुंज्या पैशात राबतात, हे मला रोज खुपतं. यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेता येतं, २५०-२५० मार्कांचे दोन पेपर, शिवाय निबंध आणि जीएसमध्ये (सामान्य अध्ययनात) समाज या भागाला उपयोग होतो, पण त्या परीक्षेच्या भरवशावरच विषय निवडू नको, तिथे निघणारे फार थोडे असतात. बचत गटांचं काम बघणारं उमेद अभियान, पाणलोट, आरोग्य, शिक्षण यातल्या संस्था, सर्व्हे करणाऱ्या एजन्सी, पत्रकारिता, इथे आमची मुलं लागली आहेत आणि ज्याला गावात बसून लोकांशी बोलता येतं, ऐकलेलं नीट लिहिता येतं आणि एक्सेलमध्ये टाकून मांडता येतं त्याला काम मिळतं. म्हणून पहिल्या वर्षापासून कॉम्प्युटर शिक, आणि इंग्रजी वाचायची सवय लाव, कारण मराठीत या विषयावर चांगली पुस्तकं आहेत पण पुरेशी नाहीत.

मेजर समाजशास्त्र घेतलंस तर मायनर अर्थशास्त्र घे असं मी सांगेन, कर्ज, भाव, मजुरी हे दोन्हीकडून बघता येतं, भूगोल असेल तर तोही चालेल. स्कोरिंग म्हणून घेऊ नको, ठरावीक पाच-सात प्रश्न पाठ करून मार्क पडतात हे खरं आहे पण त्या मार्कांनी हातात काही येत नाही. आणि फॉर्म भरण्याआधी त्या कॉलेजात एकदा जाऊन ये, तिथल्या थर्ड इयरच्या मुलींना गाठ आणि एकच विचार, तुम्हाला मागच्या वर्षी कोणत्या गावात नेलं होतं. गावाचं नाव सांगून त्या पुढे बोलत सुटल्या तर बिनधास्त अ‍ॅडमिशन घे. झेरॉक्सच्या नोट्स दाखवल्या तर बसने थोडं लांब जावं लागलं तरी दुसरं कॉलेज बघ.